आधी मीटर पंपाशी जुळवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) आल्यापासून ॲव्हरेज पडले’ ही तक्रार नाशकातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकू येते. त्याच वेळी मोबाइलवरचा आकडा दाखवून ‘माझ्या गाडीला काहीच फरक नाही’ असे छातीठोक सांगणारेही भेटतात. हा आकडा बहुधा स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (गाडीतले दोष तपासायच्या) सॉकेटमध्ये लावलेल्या ब्लूटूथ ॲडॉप्टरकडून आलेला असतो. ॲडॉप्टर उपयोगाचा आहे, आम्ही तो घ्यायलाच सांगतो. पण पंपाच्या पावतीशी जुळवल्याशिवाय त्याचा आकडा वादात आणू नये.

कारण तो टाकीतले पेट्रोल मोजतच नाही. इंजिनात किती हवा शिरली ते तो ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, विचारतो आणि तेवढ्या हवेला किती पेट्रोल लागले असेल, याचा हिशेब मोबाइलमधले ॲप करते. साध्या पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५ किलो. म्हणजे हवा तेवढीच, पण इंधन जास्त. ॲपमध्ये १४.७ तसाच राहिला तर खर्च सुमारे ८ टक्के कमी दिसतो. मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटेल, असा नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाचा अंदाज होता. जी घट शोधायची, जवळपास तेवढीच ॲप गिळून टाकते! गाडीच्या स्वतःच्या डॅशबोर्डवरचे मीटर बहुतेक वेळा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून मोजते, म्हणून दोन्ही आकडे जुळत नाहीत.

बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा मोजणारा मॅफ सेन्सर नसतो, फक्त मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब सांगणारा मॅप सेन्सर असतो. तिथे ॲपला इंजिनाचा सीसी अचूक द्यावा लागतो. १,१९७ च्या जागी १,००० राहिला, तर पुढचा सगळा हिशेब फुकट.

जुळवायचे असे : नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरा. ‘राउंड फिगर’साठी वरून भर घालू देऊ नका. ॲपमधली ट्रिप शून्यावर आणा. किमान ३०० किलोमीटर चालवून त्याच पंपावर, त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. पंपावर २४ लिटर बसले आणि ॲप २२.४ म्हणते, तर २४ भागिले २२.४, म्हणजे १.०७. हा गुणक ॲपच्या सेटिंगमध्ये टाका. असे तीनदा करा. तिन्ही गुणक जवळपास सारखे आले तर सरासरी घ्या. फार वेगळे आले तर भरण्यात चूक आहे.

मुंबईला जातानाचे ॲव्हरेज मात्र कुणाला सांगू नका. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. एक टन वजनाची गाडी तेवढी वर चढवायलाच अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाते. त्यामुळे जाऊन-येऊनचाच आकडा खरा. कसारा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की ईसीयू पेट्रोल तोडते, पण हवा आत जातच राहते आणि साधे ॲप तिलाही पेट्रोल लावते. ‘फ्युएल कट’ची सेटिंग असेल तर चालू करा. पेट्रोल वाचेल या समजुतीने न्यूट्रलमध्ये घाट कधीही उतरू नये : इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतेच आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

डिझेल इंजिनात हवा आणि इंधनाचे प्रमाण सतत बदलते, त्यामुळे तिथे हवेवरून काढलेला आकडा निरुपयोगी. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटवरही तेच. किटची गाडी निव्वळ पेट्रोलवर चालवूनच जुळवणी करावी.

ओबीडीच्या १६ व्या पिनवर बॅटरीचा करंट चावी काढल्यावरही चालूच असतो. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर ॲडॉप्टर काढून ठेवा. आणि आकडे गाडी थांबल्यावरच बघा.

— गॅरेज व्यवसायातील काही वाचक, नाशिक