तुझ्या गाडीला हात लावलाय, आधीच सांगतो

चिनू,

तू फोन उचलत नाहीयेस म्हणून टाईप करतोय, लांब होणार आहे, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसशील तेव्हा वाच. आईला यातलं काही दाखवलेलं नाही.

आधी कबूल करून टाकतो, रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जॅक लावून तुझ्या बीएमडब्ल्यूची चारही चाकं एक एक करून काढली आणि मोजून परत लावली. वॉचमन विचारत होता, मॅडमला माहितीये का, म्हटलं मॅडमच्या बापाला माहितीये. तिसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीतून बघत होते, त्यांना वाटलं मी विकायला काढली की काय. चावी तूच शूरॅकवर आपटून गेली होतीस त्यामुळे चोरी म्हणता येणार नाही.

त्या शनिवारच्या रात्रीवर मला परत भांडायचं नाहीये, पण एक गोष्ट मनातून जात नाही. पावणेदोनला तू आलीस, मी खाली आलो, बॉनेट एवढं तापलेलं की हात ठेवता येईना आणि मागच्या टायरला जळक्या रबराचा वास. मग दुसऱ्या दिवशी तुझ्या मावसभावाने तो व्हिडिओ पाठवला, मोराज सर्कलच्या सिग्नलवरून तू आणि ती पांढरी गाडी रेस लावून सुटलात, पाम बीच रोडवर नेरुळच्या दिशेने. सगळे तुझी गाडी बघत होते, मी डावीकडची स्कूटर बघत होतो, नवरा-बायको आणि मधे एक पोरगं, हेल्मेट एकालाच. त्यांना कळलंसुद्धा नसेल बाजूने काय गेलं. तू म्हणालीस बारा सेकंदांचा तर प्रश्न असतो बाबा. बारा नाही ग, तुझ्याच स्लिपवर १४.१ लिहिलंय.

तर ती स्लिप. तू फ्रिजवर लावून ठेवलीयेस ना, व्हॅली रनची, त्या धावपट्टीवरच्या रेसची, रोज सकाळी दूध काढताना ती समोर येते. आधी काही कळायचं नाही, मग रात्री बसून व्हिडिओ बघितले, आई म्हणते या वयात काय लागलंय तुम्हाला. आता मला ती वाचता येते. ४०२ मीटर म्हणजे पाव मैल, १४.१ सेकंद, शेवटी वेग ताशी १६५ किलोमीटर. आणि पहिल्या ६० फुटाला २.३६ सेकंद. तू सगळ्यांना तुझा रिअ‍ॅक्शन टाइम सांगत फिरतेस, पण तो त्या १४.१ मध्ये धरतच नाहीत, घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही, गाडी सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून हलल्यावर होतं. समोर दुसरी गाडी असेल तर आधी कोण पोचलं त्याला रिअ‍ॅक्शन कामाचा, तुझ्या टायमिंगला नाही.

मला विचारशील तर शेवटचा वेग सांगतो इंजिनात किती दम आहे, आणि पहिले ६० फूट सांगतात तो दम रस्त्यावर उतरतोय का. तुझ्या गाडीत दम आहे. तीन लिटर, सहा सिलिंडर, टर्बो, १६०० किलो वजन, १६५ चा वेग म्हणजे घोडे सगळे जागेवर आहेत. मार खातेस ती सुरुवातीला. ६० फूट म्हणजे किती, लोकलच्या एका डब्यापेक्षाही कमी. तेवढ्यात मागची चाकं जागच्या जागी फिरतात, तू पाय काढतेस, परत दाबतेस. तिथे एक दशांश सेकंद वाचवला तर शेवटी दीड-दोन दशांश वाचतात असं ही मंडळी म्हणतात आणि मला ते पटतं, कारण तिथे आलेला वेग पुढे सगळं अंतर तुझ्याबरोबर असतो.

आणि त्याच वेळी तू माझ्यासमोर साडेतीन लाखाचं कोटेशन ठेवतेस, ताकद वाढवायचं ते स्टेज टू, म्हणजे टर्बोमागचा मोठा एक्झॉस्ट पाइप (डाउनपाइप), आत जाणारी हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर आणि वर इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणारा रिमॅप. अग जी ताकद आहे तीच टायरला पेलत नाहीये, अजून १०० घोडे घालून काय होणार, धूर जास्त निघेल. मागचे टायर बघितलेस का कधी? रनफ्लॅट आहेत, भिंत कडक, पंक्चर झालं तरी गाडी चालावी म्हणून बनवलेले, आणि त्यात आतल्या बाजूने झिजून गुळगुळीत झालेत, वाकून आरशाने बघावं लागतं. गाडी सुटताना वजन मागे बसतं, टायरने थोडं दबून रस्ता धरायला पाहिजे, हे दबतच नाहीत. त्यात तुला गाडी खाली बसवायच्या कडक स्प्रिंगा पण टाकायच्यात, सोसायटीच्या गेटवरचा तो स्पीडब्रेकर विसरलीस वाटतं. इंटरकूलरचं मात्र तुझं बरोबर आहे, आपल्याकडच्या उन्हात लागोपाठ दोन रन मारले की आत जाणारी हवा तापते, इंजिन नॉक करायला, म्हणजे आतून ठोके मारायला लागतं आणि कॉम्प्युटर आपणहून ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, मग दुसऱ्या रनला गाडी मेल्यासारखी वाटते. ते कर, पण टायरनंतर. आणि त्या डाउनपाइपच्या नादात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायचा असेल तर माझ्या घरासमोर गाडी लावायची नाही, नाक जळतं त्याने, आणि पीयूसीवाला माझ्या ओळखीचा आहे म्हणून तिथे माझं नाव सांगायचं नाही.

कायद्याचं एकदाच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, रस्त्यावर रेस लावली तर पहिल्यांदा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडलीस तर १ वर्षापर्यंत. ५ हजाराला तू घाबरणार नाहीस, तेवढ्याचं ९७ ऑक्टेन तू एका वेळी भरतेस. पण तुझी इन्शुरन्सची पॉलिसी मी चष्मा लावून पूर्ण वाचली, रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगला कव्हर नाही असं सरळ लिहिलंय. म्हणजे धावपट्टीवर लायसन्स, हेल्मेट, सगळं रीतसर असलं तरी गाडीला काही झालं तर खर्च तुझा. तरी तिथे जा म्हणतो मी. तिथे निदान स्कूटर नाही.

अजून एक वाचलं ते सांगायचं होतं. अमेरिकेत ज्या सगळ्यात जहाल गाड्या असतात, नायट्रोमिथेनवर चालणाऱ्या, त्या पण पूर्वी पाव मैलच पळायच्या. २००८ च्या जूनमध्ये न्यू जर्सीत इंग्लिशटाउनला स्कॉट कलिटा म्हणून ड्रायव्हर होता, दोनदा चॅम्पियन झालेला माणूस, पट्टी संपता संपता इंजिन फुटलं, गाडी थांबलीच नाही, पट्टीच्या पुढे निघून गेली, गेला बिचारा. त्यानंतर त्या लोकांनी काय केलं माहितीये, त्या गाड्यांसाठी पट्टी १००० फुटांवर आणली, म्हणजे ३०५ मीटर. पळायचं अंतर कापलं आणि ते थांबायला दिलं. मी तुझा हिशोब करून बघितला, १६५ वरून चांगले टायर चांगले ब्रेक असले तरी कोरड्या रस्त्यावर सव्वाशे मीटरच्या आसपास लागतात, वर ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धर, त्याचे वेगळे ४६ मीटर गेले. पाम बीचला तेवढ्यात एक सिग्नल येतो आणि खाडीकडून जाळं घेऊन रस्ता ओलांडणारा माणूस येतो.

आता तुझं स्पेसरचं. तू म्हणालीस १५ मिलीमीटरचे चार स्पेसर, चाक आणि हबच्या मधे घालायच्या चकत्या, लेथवर काढून द्या, चाकं बाहेर दिसली पाहिजेत. मी नाही म्हटलं, आणि तू म्हणालीस तुम्हाला यातलं काय कळतं बाबा, तुम्ही वॉशर बनवता. आता खरंच आहे ते, तुर्भ्याच्या गाळ्यात मी २६ वर्षं वॉशर आणि बुशच बनवतो, तुझी इंजिनीअरिंगची फी त्यातूनच भरली. पण म्हणून सांगतो, १५ चा स्पेसर मधे घातला आणि बोल्ट तेच ठेवले तर हबमध्ये आटे किती पकडणार? अर्ध्याहून जास्त गेले. लांब बोल्ट घ्यावे लागतात, १२ मिलीमीटरच्या बोल्टला १२० न्यूटन मीटरने टॉर्क लावावा लागतो, आणि एवढं करून ४०२ मीटरला फायदा शून्य. नुसतं दिसायला.

पण चाकं काढली त्यात एक सापडलं. तू म्हणतेस ना ११० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, दोनदा बॅलन्सिंग करून आलीस तरी जात नाही. ती सेकंडहँड अलॉय घेतलीस ना, बोल्टची भोकं बरोबर जुळतात, ५ बोल्ट, १२० चा पीसीडी म्हणजे त्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, पण मधलं भोक मोठं आहे. हब भरला ७२.५५ मिलीमीटर, चाकाचं भोक ७४.१. म्हणजे चाक हबवर बसतच नाही, नुसतं बोल्टवर लटकतंय, कसताना जरा खाली बसलं की झालं एककेंद्री नसलेलं. बॅलन्सिंगच्या मशीनवर मात्र ते कोनवर मधोमध बसतं, म्हणून मशीन म्हणतं ओके आणि गाडी म्हणते नाही. तो टायरवाला चोर नाही, त्याला उगाच शिव्या दिल्यास.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत हब आणि चाकाच्या मधली ती फट भरायला अ‍ॅल्युमिनियमच्या रॉडमधून चार रिंगा काढल्या. पाऊण मिलीमीटरची भिंत, चकमध्ये धरली की अंडाकृती होते, पहिल्या दोन फुकट गेल्या. मग आधी आतून बोअर केलं, मॅन्ड्रलवर, म्हणजे आतून धरणाऱ्या दांड्यावर चढवून बाहेरून फिनिश घेतला, एका बाजूला बारीक कॉलर ठेवली म्हणजे आत घसरायची नाही. गाळ्यातला पोरगा विचारत होता कुठल्या पार्टीचं काम आहे एवढं जपून चाललंय.

पुढच्या दोन काल संध्याकाळी बसवल्या, हाताने दाबून टक् करून बसल्या. सानपाड्यापर्यंत जाऊन आलो, माझ्या वेगाने, त्यामुळे ११० चं मला काही सांगता येणार नाही. मागच्या दोन श्रीखंडाच्या डब्यात कापसात ठेवून डिकीत ठेवल्यात, शुक्रवारी आलीस की बसवू, खाली बसून उठताना गुडघा फार बोलतो आता. टायरचे अर्धे पैसे मी देतो, स्टेज टूचे देणार नाही. आणि पुढच्या वेळी धावपट्टीवर जाशील तेव्हा मलाही ने, टायरचं प्रेशर बघायला माणूस लागतोच ना तुम्हाला.

डबा आईचा आहे, परत करायचाय.

बाबा