रॅपर कुठल्या पानावर छापायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ख्रिस्ती रॉक आणि हिप-हॉपवरचा लेख वाचला. लेखात माहिती चांगली आहे, पण मुख्य मुद्दा काही पटला नाही. ही गाणी 'आता कुठे' चर्चबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचू लागली आणि तरुण पिढी धर्माकडे परतू लागल्याची ती खूण आहे, असं लेखकाचं म्हणणं. मी ख्रिस्ती नाही, संगीताचा अभ्यासकही नाही. १९८७ ते २००५ पुण्याच्या कॅम्पात माझं कॅसेटचं दुकान होतं, या विषयातला माझा अधिकार तेवढाच. पण कुठली कॅसेट कुठल्या खणात लावायची, हा प्रश्न दुकानदाराला रोज पडतो. ही सगळी गोष्ट त्या खणाचीच आहे, असं माझं मत आहे.

मुंबईहून घाऊक आणलेल्या जुन्या कॅसेटींच्या पेटीत एकदा 'स्ट्रायपर' नावाच्या बँडची कॅसेट निघाली. 'टू हेल विथ द डेव्हिल', १९८६ ची. लांब केस वाढवलेले चौघं, कपड्यांवर पिवळे-काळे पट्टे. मी ती मुकाट्याने हार्ड रॉकच्या खणात टाकली. आमच्या गल्लीतले एक पाळकसाहेब नाताळच्या गाण्यांची कॅसेट घ्यायला आले होते. त्यांच्या मुलाने नेमकी ही कॅसेट उचलली. नाव वाचून पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बँडच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचली. बायबलातल्या यशया ५३:५ या वचनाचा संदर्भ होता. मान न उचलता ते म्हणाले, "त्याला बसलेल्या फटक्यांनी आपण बरे झालो." हे पट्टे म्हणजे ख्रिस्ताच्या पाठीवरचे वळ, हे मला त्या दिवशी कळलं. मी डेकवर एक गाणं लावलं. गिटारच्या कल्लोळात ते मान तिरकी करून उभे राहिले आणि म्हणाले, "शब्द कळत नाहीत. पण शिव्या नाहीत ना?" जाताना स्वतःशीच बोलल्यासारखं पुढे म्हणाले, "आमच्या टिळकांनी तरी काय केलं? अभंगच लिहिले की!" रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गाणी पेटी-तबल्यावर म्हणणाऱ्या माणसाला गिटारचं बाकी काही नसावं, आवाज तेवढा जास्त वाटला असेल. कॅसेट पस्तीस रुपयांना गेली.

अमेरिकेत मात्र हे इतक्या सहज झालं नाही. स्ट्रायपरवाले कार्यक्रमात प्रेक्षकांमध्ये बायबलच्या नव्या कराराच्या प्रती भिरकावायचे. त्यांचा हा अल्बम तिथे दहा लाखांवर खपला, एमटीव्हीवर गाणी वाजली. रॉकच्या श्रोत्यांना त्या बायबलचं वावडं नव्हतं. जिमी स्वॅगर्टसारखे दूरचित्रवाणीवरचे प्रवचनकार मात्र खवळले. ख्रिस्ती रॉक म्हणजे मेंढराच्या कातड्यातला लांडगा, अशी त्यांची भाषा. १९९० मध्ये बँडने पट्टे उतरवले, गाण्यांतून देवाचं नाव वगळलं, साधी रॉक गाणी केली. ना जुने गिऱ्हाईक खूश, ना नवे आले. माझ्या दुकानात ती कॅसेट तशीच पडून राहिली.

ख्रिस्ती गाण्यांतून पुढे आलेल्या गायिका एमी ग्रँटचं उदाहरण याहून बोलकं. १९९१ साली तिचं 'बेबी बेबी' बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या हॉट हंड्रेड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. ते तिने आपल्या काही आठवड्यांच्या मुलीला पाहून लिहिलं होतं, पण व्हिडिओत ती एका देखण्या तरुणाबरोबर हसते-खेळते. टीका कुठून आली? चर्चमधून. माझ्याकडून तिची कॅसेट नेणाऱ्या कॉलेजच्या पोरींपैकी एकीनेही बाई कुठल्या धर्माची, असं विचारलं नाही. पुढे १९९९ मध्ये तिचा घटस्फोट झाला, तेव्हा काही ख्रिस्ती रेडिओ केंद्रांनी तिची गाणीच बंद केली. म्हणजे बाहेरचं दार आधीच सताड उघडं होतं. टोलनाका होता तो घरच्या दाराशी.

आता 'आता कुठे'बद्दल. १९९१ पर्यंत बिलबोर्डची यादी दुकानदारांनी फोनवर सांगितलेल्या खपावर बनायची. दुकानदार काय सांगतो, हे मला विचारा! ज्या कॅसेटीचा ढीग अंगावर पडलाय, तिचंच नाव आधी तोंडात येतं. मग साउंडस्कॅन ही खप मोजण्याची नवी पद्धत आली आणि बारकोडवरून खरा खप मोजला जाऊ लागला. त्या मोजणीत अमेरिकेतली ख्रिस्ती पुस्तकांची दुकानं आली ती १९९५ मध्ये. आणि ही गाणी प्रामुख्याने खपत होती नेमकी तिथेच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डीसी टॉक या त्रिकुटाचा रॅप-रॉकचा 'जीझस फ्रीक' मुख्य यादीत थेट सोळाव्या क्रमांकावर उतरला. अल्बम गाजलाच, पण त्याच्यासारख्यांचं ऐकणारं गिऱ्हाईक एका रात्रीत जन्माला आलं नव्हतं. ते आधीपासून होतं, मोजणाऱ्यांच्या वहीत नव्हतं. एखादी गोष्ट 'मेनस्ट्रीम' झाली असं छापताना काल ती मोजत कोण होतं, हेही विचारावं.

सॅन दिएगोचा पी.ओ.डी. हा ख्रिस्ती रॉक बँड घ्या. त्यांचा 'सॅटेलाइट' प्रसिद्ध झाला ११ सप्टेंबर २००१ रोजी, म्हणजे जुळे मनोरे कोसळले त्याच दिवशी. त्यातल्या गाण्यांमधली जगण्याची ओढ त्या महिन्यांत लोकांना फार जवळची वाटली असावी. अल्बम अमेरिकेत तीस लाखांवर गेला. आमच्याकडे तो न्यायला येणारी पोरं टी-शर्टवर कवट्या घालणारी. धर्माकडे परतणारी नक्कीच नव्हेत.

लेखात लेक्रे या काळ्या ख्रिस्ती रॅपरवर दोनच वाक्यं आहेत, हे मात्र खटकलं. २००४ मध्ये त्याने मित्राबरोबर 'रीच रेकॉर्ड्स' ही संगीत कंपनी सुरू केली. २०१३ मध्ये त्याच्या 'ग्रॅव्हिटी'ला गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांच्या, अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ते मिळवणारा तो पहिला हिप-हॉप कलाकार. २०१४ मध्ये 'अ‍ॅनोमली' एकाच वेळी बिलबोर्ड २०० ही अल्बमची मुख्य यादी आणि गॉस्पेलची यादी, अशा दोन्हींत पहिला आला, तसं आधी कधी घडलं नव्हतं. लेख इथे टाळ्या वाजवून थांबतो. खरी गोष्ट इथून पुढे आहे. अमेरिकेतल्या फर्ग्युसन गावात पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राऊन हा काळा तरुण गेला, त्यावर लेक्रे बोलला. २०१६ च्या ४ जुलैला त्याने कापसाच्या शेतातल्या काळ्या गुलामांचा फोटो टाकला आणि १७७६ च्या या दिवशी माझं कुटुंब इथे होतं, अशा अर्थाचं लिहिलं. त्याची गाणी डोक्यावर घेणाऱ्या गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबल काटेकोर मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या) श्रोत्यांपैकी अनेकांनी पाठ फिरवली. २०१७ मध्ये त्याने गोऱ्या इव्हँजेलिकल वर्तुळाशी आपलं नातं तुटल्याचं उघड सांगितलं. श्रद्धा सोडली नाही, वर्तुळ सोडलं. येशूवर रॅप केला तोवर तो 'आपला' होता, आजीच्या आजीबद्दल बोलला तेव्हा 'राजकीय' झाला.

त्याच्या शेजारी कान्ये वेस्ट या बड्या रॅपरला उभं करून पाहा. २०१९ मध्ये 'जीझस इज किंग' आला, थेट पहिल्या क्रमांकावर गेला आणि चर्चवाल्यांपैकी कितीतरी जण हरखून गेले. पंधरा वर्षं राबणाऱ्याची झडती आणि कालच्या पाहुण्याला पहिल्या रांगेची खुर्ची! पाहुण्याने २०२२ मध्ये ज्यूंबद्दल काय गरळ ओकली, ते सगळ्यांनी वाचलंच आहे.

गेल्या काही वर्षांत एक गोष्ट खरंच बदलली आहे, आणि लेखात नेमकी तीच नाही. फॉरेस्ट फ्रँक आधी 'सरफेसेस' या पॉप जोडीत होता, २०२० मध्ये त्यांचं 'संडे बेस्ट' जगभर वाजलं. तिथून तो ख्रिस्ती गाण्यांकडे वळला आणि २०२५ मध्ये त्याचं 'युअर वेज बेटर' हॉट हंड्रेडमध्ये शिरलं. पूर्वी माणसं चर्चमधून बाजारात यायची, हा बाजारातून चर्चकडे गेला आणि बाजार त्याच्या मागोमाग आला. कारण आता खणच उरलेले नाहीत. फोनवर एकामागून एक गाणं लागत राहतं, कोणी काही विचारत नाही. माझी नात एनएफ या मिशिगनच्या रॅपरची गाणी ऐकत अभ्यास करते. तो ख्रिस्ती आहे, असं मी सांगितलं तर म्हणाली, "असेल. आजोबा, तो उदास आहे, ते जास्त महत्त्वाचं आहे." स्वतः एनएफचंही साधारण हेच म्हणणं असतं. मी ख्रिस्ती आहे, पण माझ्या गाण्यांना ख्रिस्ती रॅपचा शिक्का नको.

आता मूळ तक्रार. तुमचा हा लेख छापून आला 'अध्यात्म' पानावर, एका बाजूला साप्ताहिक राशिभविष्य आणि खाली उपवासाच्या थालीपिठाची कृती. त्याच अंकात संगीताचं वेगळं पान होतं आणि त्यावर दोन अमेरिकन रॅपरांच्या भांडणाची अर्धं पान बातमी होती. लेक्रेच्या गाण्यातली लय, त्याची शब्दांची जुळवणी, बीट यांबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही. गाणारा आहे, तर गातो कसा ते आधी सांगा ना! पुढचा लेख येईल तो संगीताच्या पानावर घ्यावा, ही विनंती. जागा कमी पडत असेल तर ते भांडण राशिभविष्याशेजारी हलवायला माझी हरकत नाही.

आपला नियमित वाचक,
एक जुना कॅसेटवाला, पुणे