कुठल्या पेशी मेल्या, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘अमुक औषधाने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मेल्या’ अशी बातमी तुमच्या अंकात अधूनमधून असते. सकाळच्या चहाबरोबर ती वाचताना मी दरवेळी तिथेच अडतो. कुठल्या पेशी? पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यात माझी २७ वर्षे गेली, त्यामुळे ही खोड आता जायची नाही.

मर्केल सेल कार्सिनोमाचेच घ्या. त्वचेचा हा दुर्मीळ कर्करोग बहुधा उतारवयात होतो. ऊन लागणाऱ्या चेहऱ्यामानेवर न दुखणारी लालसर गाठ येते आणि झपाट्याने वाढते. २००८ मध्ये पिट्सबर्गला युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या गटाला या गाठींत एक नवा पॉलिओमाव्हायरस सापडला. (पोलिओशी त्याचा काही संबंध नाही.) युरोप-अमेरिकेतल्या दहापैकी आठेक गाठींत तो असतो. उरलेल्यांत विषाणूचा पत्ता नाही. तिथे उन्हाने डीएनएची वाट लावलेली असते. रोगाचे नाव एकच, पण कारखाने दोन.

आमच्याकडे एका विद्यार्थिनीने एमकेएल-१ ही विषाणूवाली सेल लाइन (म्हणजे एका रुग्णाच्या गाठीतून घेऊन प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी) मागवली होती. पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटेनात. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पुंजके करून मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, तरंगत राहिल्या. पोरीला वाटले मेल्या. बेसिनमध्ये ओतायलाच निघाली होती. त्यांची रीतच तशी. विषाणू नसलेल्या एमसीसी-१३ च्या पेशी मात्र तळ धरून बसतात. आतला फरक याहून मोठा आहे. विषाणूचे टी-अँटिजेन हे प्रथिन बंद पाडले की एमकेएल-१ ची वाढ थांबते, एमसीसी-१३ ला त्याचे सोयरसुतक नसते. शिवाय एमसीसी-१३, एमसीसी-२६ आणि यूआयएसओ या लाइनमध्ये मर्केल गाठीच्या नेहमीच्या खुणा नीट दिसत नाहीत, म्हणून त्या खरोखर या रोगाच्या प्रतिनिधी आहेत का, यावरच संशोधकांत वाद आहे. अशा एकाच लाइनवर औषध चालले, तर ते नेमके कशावर चालले?

त्यात माणसांचे घोटाळे वेगळेच. हूडमध्ये (गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कपाटात) ठेवण्याआधी प्रत्येक फ्लास्क ७० टक्के अल्कोहोलने पुसायचा असतो. एकदा त्या बोळ्याने मार्करची अक्षरेही पुसली गेली. दोन फ्लास्क, दिसायला जुळे. आमचे साहेब म्हणाले, “डावीकडचा तोच असणार, घ्या.” मी हटून बसलो आणि दोन्हींचे नमुने डीएनए तपासणीला पाठवले. डावीकडचा ‘तो’ नव्हता. पण ही तपासणी फक्त अदलाबदल पकडते. मुळात ज्या रुग्णाची गाठ घेतली त्याचे निदानच चुकले असेल, तर ती काय सांगणार?

आपल्या विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभरातल्या प्रयोगशाळांना सेल लाइन जातात. तेव्हा पुण्याच्या वाचकाला हा तपशील जड जाईल असे मला वाटत नाही. औषध किती लाइनवर तपासले, त्यांची नावे काय आणि ओळख पडताळली होती का, एवढेच वार्ताहराने विचारावे. दीड ओळ लागेल. शेजारच्या राशिभविष्यातून काढता येईल.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औंध, पुणे