चि. सईस, स्पर्धांच्या वर्षाबद्दल

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजातून वर्षभर सुट्टी घेऊन सर्फिंगच्या स्पर्धांच्या मागे लागू का, असं तू विचारलंस. बाबांचं नि माझं बोलणं झालं. खुशाल घे. पण आधी तुझ्या लाडक्या सर्फर कॅरिसा मूरबद्दल थोडं लिहिते. तुझ्या खोलीतल्या पोस्टरवर तिचं पदक तेवढं दिसतं.

हवाईतल्या होनोलुलूची मुलगी, वडिलांनी वायकिकीच्या लाटांवर शिकवलेली. २०११ साली, अठराव्या वर्षी जगज्जेती. मग २०१३, २०१५, २०१९, २०२१. सर्फिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं ते जपानच्या त्सुरिगासाकी किनाऱ्यावर, तिथलं महिलांचं सुवर्णही तिचंच. हे सगळं तुला पाठ आहे. त्यापुढची दोन वर्षं बघ. २०२२ मध्ये वर्षभराच्या गुणांत ती पहिली होती. पण तोवर नियम बदललेला: पहिल्या पाच जणींनी शेवटी एकाच दिवशी कॅलिफोर्नियात, लोअर ट्रेसल्सला भिडायचं. पाचव्या क्रमांकावरची स्टेफनी गिलमोर एकेकीला हरवत वर आली, कॅरिसालाही हरवून आठव्यांदा जगज्जेती झाली. २०२३ ला पुन्हा तेच. गुणांत कॅरिसा पहिली, किताब कॅरोलाइन मार्क्सला. मला तो नियम मुळीच पटला नाही. वर्षभराची मेहनत एका दिवसाच्या समुद्रावर कशी तोलायची? तरी ती त्याच नियमात खेळली, आणि २०२४ च्या सुरुवातीला, एकतिसाव्या वर्षी, स्वतःहून जागतिक स्पर्धांच्या टूरवरून बाजूला झाली. इतकी मोठी खेळाडू, तिलाही असं हरणं चुकलं नाही. तुझ्या वाट्याला तर जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त येईल, आणि ते सोसायची तयारी मला तुझ्यात दिसते, म्हणूनच होकार देतेय.

एक गोष्ट मात्र बदल. कर्नाटकात मुल्कीला तुझी हीट, म्हणजे स्पर्धेतली फेरी, बघायला आलो होतो तेव्हा पहिल्या काही मिनिटांत तू मिळेल ती लाट घेत सुटलीस. तीन-चार घेतल्यास, एकही धड नाही. मग मागून मोठ्या लाटांचा सेट उठला, तेव्हा प्रायॉरिटी, म्हणजे लाट घ्यायचा पहिला हक्क, त्या दुसऱ्या मुलीकडे. तिने बोर्ड वळवला, चार-पाच हात मारले आणि उभी राहिली. तू बसून बघत होतीस. मोजतात शेवटी सर्वांत चांगल्या दोनच लाटा, प्रत्येकीला दहापैकी गुण. बाकीच्या घेतल्यास काय नि सोडल्यास काय! तुझ्यापाशी ताकद भरपूर आहे गं, थांबायचं तेवढं शीक.

आता पैशांचं. जागतिक स्पर्धा भरवणाऱ्या वर्ल्ड सर्फ लीगने २०१९ पासून आपल्या स्पर्धांत बायका-पुरुषांचं बक्षीस सारखं केलं, त्याचा मला फार आनंद झाला. पण बक्षीस जिंकणारीला मिळतं. तिकीट, बोर्डाचं जादा सामान, राहणं-खाणं हरणारीलाही चुकत नाही. प्रायोजक मिळेपर्यंत हा खर्च घरचाच, असं धरून चाल. दर महिन्याला किती पाठवता येईल ते बाबा तुला फोनवर सांगतील. त्यात भागत नसेल तर स्पर्धा कमी कर, कर्ज काढू नकोस.

सुट्टीचा अर्ज याच आठवड्यात दे, आणि वर्षानंतर परत घेतील हे कॉलेजकडून लेखी घे. उजवा खांदा दुखतो म्हणालीस, तो स्पर्धेआधी फिजिओला दाखव. लपवू नकोस.

तुझी,
आई