सुहास, वही कोणाकडे राहणार?

नेरूळ, नवी मुंबई
१२ जानेवारी २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. सुंदरबनातल्या बेटांवरच्या दोन गावांचं सौर विजेचं काम तुझ्याकडे आलंय, हे आधी आईला वाचून दाखवलं. तिला फार आनंद झाला. "पाण्याला जप म्हणावं, आणि वाघाला," एवढा निरोप तिने दिलाय.

चार पानं लिहिलीस तू. किती किलोवॅट, किती बॅटऱ्या, खांब कुठे, तार किती लागेल, सगळं आहे. पण एक गोष्ट मला दोनदा वाचूनही सापडली नाही. दर महिन्याला पैसे कोण गोळा करणार, हिशेबाची वही कोणाकडे राहणार, आणि पाच-सहा वर्षांनी बॅटऱ्या निकामी झाल्या की नव्या आणायचं कोण ठरवणार? हे राहून गेलं असेल तर काम सुरू करायच्या आधी विचार कर, म्हणून घाईने लिहायला बसलोय.

आयटीआयला असताना आपण घारापुरी बेटावर माझ्या आत्याकडे राहिलो होतो, आठवतं? संध्याकाळी सातच्या सुमाराला जनरेटर लागायचा आणि तीन-एक तासांत बंद व्हायचा. तेवढ्यात आत्याची केवढी धावपळ! मिक्सरवर वाटण, मुलांचा अभ्यास, बातम्या, मोबाइल चार्जिंगला लावणं. दिवा एकदा लुकलुकला की ती हातातलं टाकून आधी कंदील शोधायची. पलीकडे मुंबई रात्रभर उजळलेली आणि आपण अंगणात अंधारात बसून ती बघत होतो. तू तेव्हा म्हणाला होतास, "एवढ्या जवळ आहे, नि इथे का नाही?" फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तिन्ही वस्त्यांना वीज मिळाली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. त्या महिन्यात आत्याकडे गेलो तर तिने फ्रिजमधून बर्फाचा ट्रे काढून माझ्या हातात दिला. बोलली काहीच नाही, नुसती बघत राहिली. तो ट्रे मी अजून विसरलो नाही.

पण घारापुरीला समोरचा किनारा जवळ होता. तुझ्या बेटांसारखं जिथे मधे चार-चार नद्या, खाड्या आणि खचणारे काठ आहेत, तिथे केबलची वाट बघण्यापेक्षा गावाने आपली वीज आपण करणं शहाणपणाचं, हे मला मनापासून पटतं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एग नावाचं छोटं बेट आहे, वस्ती जेमतेम शंभर माणसांची. १९९७ मध्ये तिथल्या लोकांनी जमीनदाराकडून अख्खं बेटच विकत घेतलं. त्यानंतरही काही वर्षं घरोघरी डिझेलचे जनरेटरच होते. फेब्रुवारी २००८ पासून ओढ्यांवरची जलविद्युत, चार छोट्या पवनचक्क्या आणि सौर पॅनेल यांवर त्यांचं स्वतःचं ग्रिड, म्हणजे बेटापुरतं विजेचं जाळं, चालतं.

मला त्यातलं यंत्रांपेक्षा नियम जास्त आवडले. एका घराने एका वेळी पाच किलोवॅटपेक्षा जास्त ओढायची नाही, धंद्याला दहा. श्रीमंत असो, गरीब असो, मर्यादा एकच. जास्त ओढली की घरची वीज तुटते, ती जोडायला गावातलाच माणूस येतो आणि त्याचे पैसे भरावे लागतात. पाऊस-वारा कमी पडला की सगळ्यांना वापर आवरायला सांगतात, आणि वीज उरली की ती सार्वजनिक जागा गरम करायला जाते. हे नियम बाहेरून कोणी लादलेले नाहीत, त्यांनीच बसून ठरवले आहेत. देखभालही बेटावरचीच माणसं करतात. वादळात बोट बंद पडली तर तंत्रज्ञ येणार कुठून?

तुझ्या भागालाही हे नवं नाही. सागर बेटावर कमलपूरला १९९६ मध्येच २६ किलोवॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. संध्याकाळी काही तास वीज, महिन्याला ठरावीक पैसे, आणि जोडणी कोणाला द्यायची ते गावची समिती बघायची. गोसाब्याला १९९७ पासून लाकडापासून गॅस करून वीज काढत होते, तीही सहकारी संस्थेमार्फत. तिथली जुनी माणसं अजून असतील. पॅनेलचे कॅटलॉग मागवण्याआधी त्यांच्यापाशी दोन दिवस बस. कोणत्या महिन्यात लोक पैसे देऊ शकत नाहीत, खांब कोणाच्या बांधावर घातला की भांडण होतं, हे त्यांना तोंडपाठ असेल.

उलट गोष्टही सांगतो. बिहारमधल्या धरनईला २०१४ मध्ये शंभर किलोवॅटचं सौर ग्रिड मोठ्या कौतुकाने उभं राहिलं. पण गावकऱ्यांनी "आम्हाला खरी वीज पाहिजे" म्हणून मागणी लावून धरली, सरकारी वीज आली, ती स्वस्तही पडली. तीनेक वर्षांत बॅटऱ्या गेल्या, आणि पुढे त्या जागेवर गुरं बांधली जाऊ लागली. मला याचं फार वाईट वाटतं. त्या लोकांना मी दोष देत नाही. पंखा, पाण्याचा पंप, पिठाची गिरणी चालत नसेल तर नुसत्या दोन दिव्यांना माणूस आपली वीज म्हणणार नाही. तुझ्या हिशेबात गिरणी धर. भरतीचं खारं पाणी शेतात शिरतं तिथे पंपही धर. आणि उद्या सरकारी तार आली तर हे ग्रिड तिला जोडता येईल अशी सोय आत्ताच ठेव.

आता आमच्या सोसायटीचं ऐक. २०२२ मध्ये गच्चीवर पंचवीस किलोवॅटचे पॅनेल बसवले, लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी. ऊन चांगलं असलं की दिवसाला शंभर युनिटच्या आसपास निघतात. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर बिल अचानक वाढलं. आम्ही सगळे वीज कंपनीच्या नावाने बोटं मोडत बसलो. तीन महिने! वर जाऊन इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारा डबा, बघायचं कोणालाच सुचलं नाही, अगदी मलाही, आणि मी या धंद्यातला. शेवटी आमचे वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, वरच्या डब्यावर लाल दिवा लागलाय, गणपतीपासून." जाऊन बघतो तर अर्ध्या पॅनेलची लाइन बंद. पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं, आतली पिन हाताने चुरा होत होती. बसवणाऱ्याला किती फोन केले, उचलायला तयार नाही. मीच बदलून टाकली. सामान काही शेकड्यांचं, नुकसान तीन महिन्यांच्या विजेचं. काका पहिल्या दिवसापासून तो दिवा बघत होते. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

नेरूळच्या खाडीच्या हवेने हे केलं, तर तुझ्याकडे चारही बाजूंनी खारं पाणी. तारांच्या टोकांना लावायचे लग टिनचा मुलामा दिलेल्या तांब्याचे घे, प्रत्येक टर्मिनलला ग्रीस लाव, अर्थिंग दर सहा महिन्यांनी तपास. पण रोज तो डबा बघणारं माणूस गावातलंच लागेल, आणि त्याला पगार गावाने द्यायचा. मला विचारशील तर गावातल्या दोन बायकांना आधी शिकव. पुरुष मासेमारीला किंवा कामासाठी बाहेर असतात, बायका घरी असतात, आणि अंधाराचा त्रासही त्यांनाच जास्त होतो. आत्याचंच बघ ना, जनरेटर कधी कुरकुरतोय ते आवाजावरून ओळखायची.

पहिल्या दिवसापासून बॅटरीसाठी वेगळं खातं उघडा, दोन सह्यांचं, आणि त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावू देऊ नका. विजेचा दर गावसभेत ठरू दे. तू सांगितलास तर तो तुझा दर होईल, आणि तू परत आलास की बुडेल.

त्या लाल दिव्याच्या प्रकारापासून आमचे वॉचमनकाका रोज संध्याकाळी सहाला गच्चीवर जाऊन आकडा लिहून ठेवतात. त्यांच्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्स सोबत पाठवतोय. तारीख, युनिट, ऊन की ढग, आणि दिव्याचा रंग, बस एवढंच. तशी वही तुझ्या गावांसाठी बंगालीत छापून घे.

मार्चमध्ये येणार आहेस ना? आत्याला तसं सांगून ठेवलंय. वहिनींना नमस्कार, चिमणीला पापा.

तुझा,
महेश