डोक्याचा मार आणि ‘नॉर्मल’ स्कॅन

संपादक महोदय,
अपघातानंतर सीटी स्कॅन नॉर्मल आला की घरचे निर्धास्त होतात. मेंदूतील तंतूंची सूक्ष्म इजा मात्र सीटीत बहुधा दिसत नाही. मग चिडचिड, विसर, दुपारीच येणारा गळाठा यांना ‘नाटकं’ म्हटलं जातं. अशा रुग्णाला सीताबर्डीच्या बाजाराची गर्दी सोडाच, कूलरची घरघरही सोसत नाही. वास येणं बंद झालंय का, हे तर कुणी विचारतच नाही. दूध करपलं, गॅस गळला तरी कळत नाही. अशा घरात गॅसगळतीचा अलार्म हवाच. सूचना एका वेळी एकच द्या, तीही लिहून. कामावर सुरुवातीला दोनेक तासच. डोकं ठणकू लागलं की थांबावं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील २१ प्रकारांत या दुखापतीचं स्वतंत्र नाव नाही, म्हणून त्रासाचा पुरावा म्हणून स्मृती-एकाग्रतेच्या चाचणीचा अहवाल जपून ठेवावा.
– एक वाचक, नागपूर