ती गेशा नव्हे!

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील जपानी चित्रपटांवरच्या लेखात ‘साकुरान’ची ओळख ‘एका गेशाची रंगीबेरंगी कहाणी’ अशी करून दिली आहे. किमोनो दिसला की गेशा, ही आपल्याकडची जुनीच खोड. चित्रपटाची नायिका कियोहा गेशा नाही, ओइरान, म्हणजे वरच्या दर्जाची वेश्या आहे. गेशा गाण्या-बजावण्यावर पोट भरणारी; योशिवारा या टोकियोतल्या जुन्या वेश्यावस्तीत तर तिला ओइरानचे गिऱ्हाईक घ्यायची बंदी होती. कमरेचा रुंद पट्टा, म्हणजे ओबी, गेशा पाठीवर बांधते, ओइरान पोटावर. मराठीत ‘कलावंतीण’ म्हणावे, तर तो शब्दही गेशाच्याच जवळ जातो. ‘गणिका’ त्यातल्या त्यात बरा.

लेखकाने मोयोको आन्नो यांचे मूळ कॉमिक एका ओळीत उरकले आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. आठव्या वर्षी विकली गेलेली पोर, आणि पहिल्या दिवसापासून तिच्या नावावर चढणारे कर्ज. बरे, मोठी ओइरान झाली म्हणजे सुटली, असेही नाही. हाताखालच्या लहान मुलींचे, कामुरोंचे, कपडेलत्तेही तिच्याच खात्यावर. मान वाढतो तसे देणे फुगते. खेड्यांतून आलेल्या या मुलींची बोली गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून त्यांना ‘आरिन्सु’ने संपणारी वेगळीच भाषा शिकवत. आवाजसुद्धा धन्याचा! आन्नो यांच्या बायका एकमेकींचा द्वेष करतात, खोटे बोलतात, खातात, भांडतात. बिचाऱ्या होऊन बसत नाहीत.

२००७ चा चित्रपट मिका निनागावा यांचा. त्या मूळच्या छायाचित्रकार. लाल रंगाचा मारा, जोडीला गायिका शीना रिंगोचे संगीत. लेखकाला हे ‘नुसते डोळ्यांना सुख’ वाटले. मला नाही वाटले. योशिवाराच्या दरवाजावर काचेच्या टाकीत सोनमासे फिरताना दिसतात, त्यानंतर तो लाल रंग नुसता सुंदर राहत नाही.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. योशिवारातले चेरीचे एक झाड कधी फुलत नाही. फुलले तर तुला बाहेर नेईन, असे कुंटणखान्यातला नोकर सेइजी कियोहाला सांगतो. एक फूल येते आणि दोघे निघून जातात. डोळे माझेही भरून आले, खोटे कशाला बोलू? पण १६५७ च्या आगीनंतर असाकुसा भागामागे वसवलेल्या योशिवाराला भोवती खंदक होता, मोठा दरवाजा एकच, आणि बाईला चिठ्ठीशिवाय तिथून सोडत नसत. चेरी म्हणाल, तर दर वसंतात फुलायला आलेली झाडे बाहेरून आणून हमरस्त्यावर लावत आणि बहर सरला की उपटून नेत. जवळच्या जोकान्जी मंदिरात योशिवारात मेलेल्या बेवारशी बायकांना चटईत गुंडाळून आणून टाकत; त्यांची संख्या पंचवीस हजारांच्या घरात सांगतात. आन्नो यांचे कॉमिक एकाच खंडात थांबते, तिथे ही पळवाट नाही. ती चित्रपटाने जोडली.

दुरुस्ती छापावी, ही विनंती. लेखाबरोबरचे छायाचित्रही बदलावे. त्यातल्या बाईची ओबी पाठीवर बांधलेली आहे.

– एक वाचक, नाशिक